मार्केझची ‘एकांत के सौ वर्ष’: अर्धी डोक्यावर घेतली, अर्धी डोक्यात गेली

सुदामानगरवाली

नमस्कार मंडळी. आमचा इंदूरला पाच-सहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाकडे तरी जमायचं, पोहे-चहा, मग पुस्तक, बहुतेक वेळा पोहेच जास्त होतात. या वेळी चिठ्ठीत कोलंबियाचा गार्सिया मार्केझ निघाला, ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’. मी मुख्यतः हिंदीतून वाचली, सोन्या सुरभि गुप्तांनी थेट स्पॅनिशवरून केलेला अनुवाद, आणि मुलाच्या कपाटात ग्रेगरी रबासाचं इंग्रजी होतं ते मधे मधे उघडत होते. रविवारी बोलायची पाळी माझी आहे आणि मला अजून ठरवता येत नाहीये की मला ही आवडली की नाही.

आवडलेलं आधी सांगते. सुरुवातीची शंभरेक पानं मी एका दमात वाचली. अख्ख्या गावाला झोप न येण्याचा रोग होतो, मग लोक विसरायला लागतात, मग प्रत्येक वस्तूवर चिठ्ठ्या चिकटवतात, गाईच्या गळ्यात पाटी की ही गाय आहे, हिला रोज सकाळी पिळायची. रेबेका नावाची पोर आईबापाच्या हाडांची पिशवी घेऊन येते आणि माती खाते. आणि तो रक्ताचा प्रसंग! होसे आर्कादियो मरतो, त्याच्या रक्ताची धार रस्त्यावरून वळणं घेत आईच्या घरी येते, गालिचा खराब होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने जाते, आणि स्वयंपाकघरात पोचते तेव्हा आई, म्हणजे उर्सुला, पावासाठी छत्तीस अंडी फोडायच्या तयारीत असते. छत्तीस! तो आकडा वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून हसले आणि मग अंगावर काटा आला.

आता डोक्यात गेलेलं. एक तर नावं, सगळे ऑरेलियानो नाहीतर होसे आर्कादियो, त्यातल्या कर्नल ऑरेलियानोला सतरा बायकांपासून सतरा मुलगे आणि सतराच्या सतरा ऑरेलियानो. पण ते सोडा, पुस्तकात वंशावळ दिलेली असते. दुसरं म्हणजे निम्म्यानंतर दमछाक झाली. फुलपाखरं, पाऊस, युद्ध, परत युद्ध, सराफ्यात रात्री सगळ्या दुकानांवर थोडं थोडं खाल्लं की शेवटच्या मालपुव्याची चव लागत नाही तसं झालं माझं.

खरी अडचण तिसरी आहे. कर्नल तरुणपणी ज्या रेमेदियोसवर जीव टाकतो ती नऊ वर्षांची आहे. नऊ. बाहुल्या खेळायचं वय, अंथरूण ओलं करणारी पोर, तिला पाळी येईपर्यंत थांबतात आणि लग्न लावतात, मग ती पोटुशी असताना मरून जाते. आणि त्याच्या आधी ती दुसरी मुलगी, तिच्या हातून मेणबत्तीने घर जळतं आणि आजी नुकसान वसूल करायला तिला गावोगाव फिरवते, रात्रीला सत्तर माणसं, अजून दहा वर्षं. हे सगळं ज्या सुरात सांगितलंय त्याच सुरात पुढे पिवळी फुलपाखरं येतात! लेखकाचा आवाज कुठेच चढत नाही. चमत्कारासाठी तो सपाट सूर मला प्रचंड आवडला आणि याच्यासाठी तोच सूर सहन झाला नाही. ग्रुपमध्ये विचारलं तर एकीने सांगितलं की अगं हा जादुई वास्तववाद आहे, चमत्कार रोजच्या गोष्टींसारखे सांगायचे, यात असंच असतं. हे काय उत्तर झालं?

आणि एक बारीकसं. ती सुंदर रेमेदियोस (ही दुसरी रेमेदियोस, बघा, परत नावं) चादरींच्या घड्या घालताना चादरींसकट आकाशात जाते तो प्रसंग सगळे डोक्यावर घेतात. मला छान वाटला, पण थक्क वगैरे नाही झाले. आपण तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे ऐकत मोठे झालो, भिंत चालली, रेड्याने वेद म्हटले, ज्ञानोबांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले. आपल्याला यात नवीन काय आहे?

कोणी वाचली असेल तर सांगा, मी काही तरी चुकवतेय की पुस्तकच असं आहे.

एमजी_रोडचा_भिया

ताई बाकीचं मोठी माणसं सांगतील पण नावांची तक्रार आपण इंदूरवाल्यांनी करायची नाही हां. आपल्याकडे होळकरांत तुकोजीराव तीन झाले, यशवंतराव दोन झाले, मल्हाररावांची तर गिनतीच सोडा, तुकोगंज कोणत्या तुकोजींचं हे शंभर जणांना विचारा, शंभर उत्तरं मिळतील. पण 1926 मध्ये गादी कोणत्या तुकोजीरावांना सोडावी लागली हे मात्र इथे कोणी चुकत नाही 😄 तसंच आहे ते. मी एक ट्रिक सांगतो, उर्सुला स्वतःच पुस्तकात सांगते की ऑरेलियानो सगळे आत आत राहणारे आणि डोकेबाज, होसे आर्कादियो सगळे आडदांड आणि धडाकेबाज. एवढं धरून चाला, मग कोण कोणाचा मुलगा हे विसरलात तरी चालतं. फक्त जुळ्या भावांत उलटं आहे, तिथे लेखकाने मुद्दाम गडबड केलीय, लहानपणी अदलाबदल झाली असावी असा उर्सुलाला डाऊट असतो.

सिरीज पण आलीय, डिसेंबर 2024 मध्ये पहिले आठ भाग आले, कोलंबियातच शूट केलेली आणि स्पॅनिशमध्ये. चेहरे दिसले की नावांचा घोळ अर्धा सुटतो. पण आधी पुस्तक.

रामबागचे_मास्तर

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी तो सपाट सूर कुठून आला ते बघा. मार्केझ अराकाताकाला आजी-आजोबांकडे वाढला. आजोबा हजार दिवसांच्या युद्धातले कर्नल, म्हणजे 1899 ते 1902 चं ते यादवी युद्ध, कर्नल ऑरेलियानोत त्यांचं बरंच काही उतरलंय. आणि आजी भुताखेताच्या, मेलेल्या नातेवाईकांच्या गोष्टी अशा सांगायची की चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. त्याने 1981 च्या एका मुलाखतीत म्हटलंय की ही कादंबरी आधी जमत नव्हती कारण सांगतानाचा त्याचाच विश्वास नव्हता, मग आजीचा तो चेहरा धरला आणि जमली. तिथेच तो म्हणतो की आकाशात हत्ती उडतायत म्हटलं तर कोणी मानणार नाही, चारशे पंचवीस हत्ती उडतायत म्हणा, लोक कदाचित मानतील. तुमची छत्तीस अंडी आली की नाही ध्यानात? पाऊस चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पडतो, कर्नल बत्तीस बंडं करतो आणि बत्तीसही हरतो, सगळीकडे हाच हिशेब.

आता मुद्दा. तुम्ही निम्म्यानंतर दमलात म्हणता, पण माझ्या मते खरं पुस्तक तिथेच आहे. केळ्यांची कंपनी येते, संप होतो, स्टेशनसमोर जमलेल्या लोकांवर मशीनगन चालते. जुळ्यांतल्या होसे आर्कादियो सेगुंदोला शुद्ध येते ती प्रेतांनी भरलेल्या मालगाडीत, जवळजवळ दोनशे डब्यांची गाडी. तो कसाबसा उडी मारून गावात परत येतो, आणि जी पहिली बाई भेटते ती सांगते की इथे कोणी मेलंच नाही. त्याच सुरात! तोच शांत, घरगुती सूर जो चादरी उडताना होता. ज्या गावाने मुलगी आकाशात गेली हे मान हलवून मान्य केलं ते गाव तितक्याच सहज तीन हजार माणसं मेलीच नाहीत हेही मान्य करतं. माझ्यासाठी त्या सुराचा अर्थ हा आहे. तो लेखकाचा आहेच, पण तो गावाचाही आहे, आणि लेखक तुम्हाला त्यात अडकवतो.

आणि हे कल्पनेतलं नाही बरं का. 6 डिसेंबर 1928, कोलंबियातलं सिएनागा गाव, युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यातल्या कामगारांचा संप, सैन्याने गोळीबार केला. जनरल कोर्तेस वार्गासने 47 मेले म्हणून कबूल केलं, अमेरिकन वकिलातीच्या तारेत हजारावर म्हटलंय, आणि नक्की आकडा आजही कोणाला सांगता येत नाही. मार्केझ तेव्हा पावणेदोन वर्षांचं पोर. त्याने पुढे स्वतःच सांगितलंय की खरे मेलेले एवढे नसावेत, पण मला पूर्ण गाडी भरायची होती म्हणून तीन हजार केले. आणि गंमत म्हणजे नंतर कोलंबियात लोक भाषणांत तीन हजारच म्हणायला लागले. कादंबरीतला आकडा इतिहासात जाऊन बसला!

आपल्या मिलच्या गावात हे वाचताना वेगळं वाटतं. इथे गोळीबार नव्हता, तुलना ओढून ताणून करत नाही. पण हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे 224 कोटी डिसेंबर 2023 मध्ये सुटले, तोवर किती तरी कामगार गेलेले. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्या पोरांना विचारा, भोंगा काय असतो ते माहीत नसतं. ते चार वर्षांच्या पावसाचं प्रकरण मला लांबलेलं वाटत नाही, त्यात एक अख्खं शहर हळूहळू विसरतंय.

हिंदी अनुवादाचं म्हणाल तर तो चांगला आहे, इंग्रजीवरून फिरून आलेला नाही हे जाणवतं. रबासाचं इंग्रजी 1970 चं, मूळ 1967 चं ब्यूनोस आयरेसला छापलेलं. लेखक हुलिओ कोर्तासारने मार्केझला सांगितलं होतं की रबासा मोकळा होईपर्यंत थांब, आणि तो थांबला. तेव्हा तुमची नाराजी अनुवादावर ढकलता येणार नाही, सूर मुळातलाच आहे.

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण

सुदामानगरवाली ताई, मी तुमच्या बाजूने आहे पण पूर्ण नाही, आणि मास्तरांच्या पण पूर्ण बाजूने नाही.

आधी त्या चादरीवाल्या रेमेदियोसचं. तुम्हाला नवीन काय ते विचारलंत ना? ही गोष्ट मार्केझने त्याच्या मित्राला, प्लिनिओ मेंदोसाला, एका लांब मुलाखतीत सांगितलीय. त्याच्या माहितीत एक म्हातारी होती, तिची नात पहाटे कोणाबरोबर तरी पळून गेली, आणि अब्रू झाकायला म्हातारीने उठवून दिलं की ती स्वर्गात उडून गेली. त्याच्यावरून हा प्रसंग. आणि लिहिताना ती पोरगी काही केल्या उडेना, तेव्हा त्याला अंगणात वाऱ्यात चादरी वाळत घालणारी बाई दिसली आणि काम झालं. आता परत वाचा तो प्रसंग! पोरगी गेली, आणि फर्नांदा वहिनीला चिंता कशाची तर माझ्या चादरी गेल्या, देवाने परत द्याव्यात. मला तर तिथे तुकोबा नाही आठवले, आमच्या गल्लीत असं काही झालं की “मामाकडे शिकायला गेलीय” म्हणतात ते आठवलं. आणि तुकोबांचं म्हणाल तर तिथेही आवली मागे राहिली ती राहिलीच, तिचं कोण विचारतं. तर चमत्कार आपल्याला नवीन नाही हे खरं, पण चमत्कार कशावर पांघरूण घालतोय हे आपण कीर्तनात विचारत नाही, इथे विचारता येतं.

दुसरं, त्या सत्तर माणसांच्या मुलीचं. ऑरेलियानो त्या रात्री तिला हात न लावता परत येतो आणि सकाळी ठरवतो की हिच्याशी लग्न करून हिला सोडवायचं, जातो तर ती गावातून निघून गेलेली. मार्केझने पुढे त्याच मुलीवर वेगळी मोठी कथा लिहिली, एरेंदिराची, 1972 मध्ये, आणि तिथे आजी मरते आणि पोरगी सोनं घेऊन जी पळते ती कोणासाठी थांबत नाही, जो तिला सोडवायला आला त्याच्यासाठी पण नाही. म्हणजे त्या अर्ध्या पानाने त्याला सोडलं नव्हतं. तो सपाट सूर म्हणजे बेफिकिरी, असं म्हणणं मग कठीण होतं.

पण नऊ वर्षांच्या रेमेदियोसबद्दल तुम्ही म्हणता ते मला बिलकुल मान्य आहे आणि मास्तरांनी ते शिताफीने टाळलंय 🙂

रामबागचे_मास्तर

टाळलं नाही हो, लांबलं म्हणून सोडलं. काळ बघा ना, एकोणिसाव्या शतकातलं गाव. आपल्याकडे त्या काळात नऊ वर्षांची मुलगी म्हणजे घोडनवरी झाली असती. शिवाय पुस्तकात तिला विसरलेलं नाही. ती गेल्यावर उर्सुला तिचा फोटो लावते आणि त्याच्यापुढे कायमचा दिवा ठेवते, आणि पुढच्या पिढ्यांना त्या फोटोतली मुलगी आपली पणजी लागते हे समजतच नाही, कारण फोटोत ती लहान पोरच आहे. याहून जास्त लेखकाने काय करायचं?

सुदामानगरवाली

मास्तर, त्या काळात होत होतं हे मला माहीत आहे, माझ्या पणजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. म्हणूनच तर लागतंय. आणि फोटोपुढे दिवा लावण्याचं काय सांगता, ते तर आपल्या घरांत फार चांगलं जमतं. जिवंत असताना विचारायचं नाही आणि गेल्यावर हार घालायचा.

तुमचा मालगाडीचा मुद्दा मात्र मला एकदम पटला. मी तो भाग घाईत वाचला होता, रात्री परत काढला, आणि ती बाई जेव्हा म्हणते की इथे कोणी मेलं नाही तेव्हा खरंच ती चादरीवाल्या प्रसंगासारखीच बोलते. पण तिथे एक फरक आहे बघा. त्या तीन हजारांसाठी होसे आर्कादियो सेगुंदो आहे, तो मरेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहतो, खोलीत बंद होऊन मेल्कियादेस या जिप्सीची पोथी वाचत बसतो आणि मरता मरता पण तेच सांगतो. गाव विसरतं आणि एक माणूस विसरत नाही, म्हणून आपल्याला तो सूर टोचतो. नऊ वर्षांच्या पोरीसाठी असं कोण आहे? तिच्या वडिलांनी कुरकुर केली, बाकी सगळे तिचं कौतुक करतात, ती शहाणी, समजूतदार, झाडाला बांधलेल्या वेड्या सासऱ्याला जेवू घालणारी. पुस्तकाला पण ती आवडते, आणि मला वाटतं इथे पुस्तक गावासारखंच वागतं, गावाकडे बोट दाखवत नाही. हे मी रविवारी असंच बोलणार आहे.

माहेरवाशीण ताई, त्या म्हातारीची गोष्ट मला माहीत नव्हती, थँक्यू. आता चादरी मला जास्त आवडायला लागल्या, तुकोबांचा विषय मात्र मी ग्रुपमध्ये काढणार नाही, दोघी माळकरी आहेत 😄

पिपल्याहाना_बायपास

मला एक समजत नाही, नोबेल मिळालंय (1982) म्हणून आवडलंच पाहिजे असं आहे का? मी ऐंशी पानांवर सोडलं. पादरी चॉकलेट पिऊन जमिनीपासून सहा इंच वर उचलला जातो, का, तर देवळाला वर्गणी गोळा करायला. अरे मग आमच्याकडे बाबा लोक काय कमी आहेत? पेपर वाचला की झालं.

एमजी_रोडचा_भिया

भिया ऐंशी पानांवर सोडलं म्हणजे सगळ्यात मोठी गंमत हुकली ना. शेवटी ती जी पोथी असते ना जिच्यात सगळ्या घराण्याचं भविष्य आधीच लिहिलेलं असतं, ती कोणत्या भाषेत आहे? संस्कृतमध्ये! खरंच, मेल्कियादेस त्याच्या मातृभाषेत लिहितो आणि ती संस्कृत निघते. शेवटचा ऑरेलियानो पुस्तकांच्या दुकानातून संस्कृतचं प्राथमिक पुस्तक आणून शिकतो. मला दहावीत संस्कृतला किती मार्क पडले ते आठवून मी त्या माणसापुढे हात जोडले.

ग्वाल्हेरची_माहेरवाशीण

ताई, जे बोलणार आहात ते बोलाच. मी फक्त एवढं जोडेन की उर्सुलाला विसरू नका. पुरुष बत्तीस बंडं करतात, सोन्याचे मासे घडवतात आणि वितळवून परत घडवतात, आणि ती बाई साखरेची खेळणी विकून घर चालवते, एकशे पंधरा ते एकशे बावीस वर्षांची होऊन मरते. आंधळी झालीय हे घरात कोणाला समजू देत नाही, वास आणि आवाजावरून सगळं ओळखते. आंधळी झाल्यावर तिला पहिल्यांदा दिसतं की कर्नलने आयुष्यात कोणावर प्रेम केलं नाही, त्याने लढाया गर्वापोटी केल्या. बायकांबद्दल पुस्तकाला काही कळत नाही असं तिच्यामुळे म्हणता येत नाही. पण तुमचा मुद्दा त्यामुळे खोटाही होत नाही.

सुदामानगरवाली

उर्सुलाबद्दल शंभर टक्के. मला वाटतं मी तिच्यासाठीच शेवटपर्यंत गेले, ती मेली तिथून पुढे माझा वाचायचा वेग खरंच कमी झाला.

रविवारी दोन तुकडे वाचून दाखवणार, चादरींचा आणि मालगाडीनंतरचा, एकापाठोपाठ, मधे काही न बोलता. मग नऊ वर्षांच्या रेमेदियोसवर बोलेन आणि बघू भांडण होतं का. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत याच जातीचं पण लहान काही टाकायचं असेल तर सुचवा, एवढं जाड परत नको.

रामबागचे_मास्तर

हुआन रुल्फोचं ‘पेद्रो पारामो’, 1955, मेक्सिको. सव्वाशेच्या आसपास पानं. मार्केझला ते जवळजवळ पाठ होतं असं तो सांगायचा. आणि परदेशी नको असेल तर विनोद कुमार शुक्लांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ घ्या, हिंदी आहे, आपल्या सगळ्यांना वाचता येते, त्यात नवरा-बायको घराच्या खिडकीतून उडी मारून पलीकडे जातात आणि पलीकडे नदी, तळी, सगळं आहे. तिथे कोणावर अन्याय झाकलेला नाही, तेव्हा तुमचं भांडण होणार नाही.

सुदामानगरवाली

शुक्लांची माझ्याकडे आहे, ती अर्ध्या जणींनी वाचलीय. रुल्फो टाकते. त्यात नावं किती आहेत?

एमजी_रोडचा_भिया

नावं बरीच आहेत ताई, पण जवळजवळ सगळे मेलेलेच आहेत.